फुटलेली काच आणि न लिहिलेली फिर्याद

प्रतिनिधी, नांदेड / लातूर

मंगल कार्यालयासमोर उभ्या केलेल्या मोटारीची मागची काच फुटलेली आहे, सीटवर ठेवलेली बॅग नाही आणि आत पंगती उठत आहेत. अशा वेळी मोटारमालकाभोवती पाच-दहा जण जमतात आणि क्षणात त्यांचे दोन पक्ष पडतात. 'आधी ठाण्यात जा,' असे एक पक्ष म्हणतो. 'गेलेले काही परत येत नाही, उगाच चकरा कशाला?' असे दुसरा विचारतो. बहुतेक वेळा दुसऱ्या पक्षाची सरशी होते. काचेचा चुरा झटकला जातो, खिडकीला पुठ्ठा लावला जातो आणि मोटार घरी जाते. गुन्हा घडलेला असतो, पण कोणत्याही कागदावर तो उमटत नाही.

नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत मोटारी वाढल्या, त्या मानाने वाहनतळ वाढले नाहीत. नांदेडला सचखंड गुरुद्वाराच्या दर्शनासाठी आणि डॉक्टर्स लेनमधील रुग्णालयांत येणारी परगावची वाहने रोज असतात. लातूरला शिकवणी वर्गांसाठी मुलांना सोडायला येणारे पालक आणि आडत बाजारात माल घालून रोख रक्कम घेऊन निघणारे शेतकरी असतात. मोटार रस्त्याच्या कडेला, मालक दोन तास आत आणि गाडीत बॅग. काच फोडणाऱ्याला याहून अधिक काही लागत नाही. परगावचा माणूस त्याच दिवशी निघून जातो, ही त्याच्या दृष्टीने आणखी एक सोय.

तक्रार न देणाऱ्याला भित्रा किंवा बेजबाबदार ठरवणे सोपे आहे. वास्तविक त्याने हिशेब केलेला असतो आणि तो हिशेब फारसा चुकीचा नसतो. एका पारड्यात चोरीला गेलेला ऐवज आणि तो मिळण्याची धूसर शक्यता. दुसऱ्या पारड्यात ठाणे अंमलदारासमोरची प्रतीक्षा, घटनास्थळाचा पंचनामा, जबाब आणि पुढे कधी काळी खटला उभा राहिलाच तर न्यायालयाच्या तारखा. नांदेडच्या माणसाची मोटार लातुरात फुटली, तर प्रत्येक तारखेला सुमारे 140 किलोमीटर जाणे आणि तितकेच परत येणे. मोटारच मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात अडकेल, ही भीती वेगळीच. ती पूर्णपणे निराधार नाही; पण सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने मुद्देमाल ठाण्यात कुजवत न ठेवता पंचनामा व छायाचित्रे घेऊन तो लवकर परत करावा, असे बजावले आहे. शिवाय फुटलेल्या काचेच्या मोटारीचा पंचनामा जागेवरच होऊ शकतो.

मोटारच चोरीस गेली, तर मात्र कोणीही असा विचार करीत बसत नाही. विम्याची भरपाई गुन्हा नोंदविल्याशिवाय मिळत नाही आणि आपल्या क्रमांकाची गाडी उद्या एखाद्या दरोड्यात सापडली तर काय, ही धास्ती असते. त्यामुळे वाहनचोरीचे सरकारी आकडे बरेचसे विश्वासार्ह असतात. वाहनातून होणाऱ्या चोरीचे तसे नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात वाहनचोरीला स्वतंत्र रकाना असतो. मोटारीची काच फोडून नेलेली बॅग 'इतर चोऱ्यां'च्या गर्दीत मिसळून जाते. म्हणजे ज्यांनी धडपड करून गुन्हा नोंदविला, त्यांचीही वेगळी मोजदाद नाही.

न नोंदविलेल्या गुन्ह्यांचा अंदाज पोलिसांच्या दफ्तरातून येत नाही. त्यासाठी घरोघर जाऊन विचारावे लागते. अमेरिकेत अशी राष्ट्रीय पाहणी 1973 पासून आणि ब्रिटनमध्ये 1982 पासून होते. आपल्याकडे सरकारने देशव्यापी स्वरूपात ती नियमितपणे केलेली नाही. आयडीएफसी इन्स्टिट्यूट या संस्थेने दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि बंगळुरू या चार महानगरांत केलेली पाहणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. चोरीला बळी पडलेल्यांपैकी 'एफआयआर'पर्यंत पोहोचलेले दहात एकही नव्हते. मराठवाड्यातील शहरांची अशी पाहणी झाली, तर चित्र फार निराळे दिसेल असे मानण्यास आधार नाही.

विम्याचे उलटे गणित

परदेशात काच फुटली की माणूस पोलिसांना कळवतो, यामागे नागरिकशास्त्रापेक्षा विम्याचा वाटा मोठा असतो. आपल्याकडचा विमा मात्र नेमका उलट दिशेने ढकलतो. अनेक मोटारींना फक्त तृतीय पक्षाचा, म्हणजे कायद्याने सक्तीचा विमा असतो. त्यात स्वतःच्या गाडीची काच येतच नाही. सर्वंकष विमा असला, तरी बॅग, लॅपटॉप किंवा रोख रक्कम सर्वसाधारण पॉलिसीत बसत नाही. उरते ती काच. 1500 सीसीपर्यंतच्या मोटारीला दाव्यातील पहिले 1 हजार रुपये मालकालाच सोसावे लागतात. त्याहून महत्त्वाचा आहे 'नो क्लेम बोनस'. दावा न करता वर्षे गेली, की स्वतःच्या वाहनाच्या विमाहप्त्यात 20 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत सूट मिळते आणि एका दाव्याने ती सामान्यतः शून्यावर येते. उदाहरणादाखल, या भागाचा हप्ता 8 हजार आणि सूट निम्मी असेल, तर साडेतीन हजारांच्या काचेचा दावा करून हाती येणार अडीच हजार आणि पुढच्याच वर्षी जाणार चार हजार. कोणताही शहाणा माणूस दावा करणार नाही. आणि दावाच करायचा नाही, तर ठाण्यात जायचे कशासाठी?

येथेच एक चूक होते, जी पुढे महागात पडते. मोटारीची दुसरी किल्ली त्याच बॅगेत असेल आणि ती गेल्याची कुठेही नोंद नसेल, तर उद्या मोटार चोरीस गेल्यावर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, तेव्हा मालकाला उत्तर देता येत नाही. कोरे धनादेश, पारपत्र, नोंदणीपुस्तक यांचेही तेच. दुसरी प्रत मिळवताना पोलिसांचा कागद लागतो आणि गैरवापर झाला, तर 'आमच्याकडून ते अमुक तारखेला चोरीस गेले होते' हे सांगणारा पुरावा तोच एक असतो. भरपाई देताना तारीख किती निर्णायक ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2020 मधील गुरशिंदर सिंग निकालात दिसते. चोरीस गेलेल्या वाहनाचा गुन्हा लगेच नोंदविलेला असेल, तर विमा कंपनीला कळविण्यास उशीर झाला एवढ्याच कारणाने दावा फेटाळता येणार नाही, असे तीन न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटले. पोलिसांकडील तारखेने तेथे मालकाला तारले.

पाच हजारांची रेघ

या साऱ्यात 1 जुलै 2024 पासून एक नवी भर पडली. त्याआधी भारतीय दंड विधानाच्या कलम 379 खाली चोरी शंभराची असो वा लाखाची, ती दखलपात्रच होती. ललिताकुमारी प्रकरणात घटनापीठाने नोव्हेंबर 2013 मध्ये दखलपात्र गुन्हा नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे स्पष्ट केल्यावर निदान कायद्याच्या पुस्तकात तरी मोटारमालकाची बाजू भक्कम होती. भारतीय न्याय संहितेने चोरीचे कलम 303 मध्ये घेतले आणि 5 हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी नव्या प्रक्रिया संहितेच्या परिशिष्टात अदखलपात्र झाली. प्रथमच दोषी ठरलेल्याने ऐवज किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा देण्याची तरतूद आहे. हेतू चांगला आहे. भुकेपोटी ब्रेडचा पुडा उचलणाऱ्याला तुरुंगात धाडू नये. पण मोटार फोडणारा पहिलटकर आहे की सराईत, हे तक्रार लिहिताना कोणालाच ठाऊक नसते. त्या वेळी समोर असते फक्त ऐवजाची किंमत. ती पाच हजारांच्या आत लिहिली गेली, की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून पोलिसांना तपास करता येत नाही आणि प्रकरण 'एन.सी.'च्या वहीत जाऊन बसते.

साहजिकच पंचनाम्यातील 'किंमत अंदाजे' या दोन शब्दांना आता पूर्वी नव्हते एवढे वजन आले आहे. तीन वर्षे वापरलेला लॅपटॉप किती रुपयांचा? बॅगेतील औषधे, चष्मा, मुलाच्या नोट्स यांचे काय? खरेदीची पावती मोबाइलमध्ये असलेला मालक आणि 'असेल दोन-तीन हजारांचा' असे घाईत बोलून जाणारा मालक यांची प्रकरणे वेगवेगळ्या वाटेने जातात.

दुसरीकडे, याच संहितेच्या कलम 305 मध्ये प्रवासी किंवा मालवाहतुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या वाहनातून वस्तू चोरणे हा स्वतंत्र गुन्हा असून त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दंड विधानात अशी तरतूद नव्हती. घरची खासगी मोटार या शब्दांत बसते की नाही, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतात. परंतु तक्रार देणाऱ्याला हे कलम माहीत असावे, कारण त्यात पाच हजारांची रेघ नाही.

हद्दीचा प्रश्न या दोन जिल्ह्यांना विशेष जाचतो. नांदेडहून निघालेली मोटार लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला पोहोचते. वाटेत दोनदा चहाला थांबते आणि बॅग नाही हे लातूरला पोहोचल्यावर कळते. चोरी कोणत्या ठाण्याच्या हद्दीत झाली, हे मालकाने कसे सांगावे? नव्या संहितेच्या कलम 173 ने याचे उत्तर दिले आहे. हद्द कोणतीही असो, माहिती घ्यावीच लागते; गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून संबंधित ठाण्याकडे पाठवायचा असतो. माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. नोंदीची प्रत विनामूल्य मिळते आणि तपासाची प्रगती 90 दिवसांत कळविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. नोंद नाकारली, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. नांदेड आणि लातूर ही दोन्ही शहरे जिल्हा अधीक्षकांच्याच अखत्यारीत आहेत आणि दोन्ही जिल्हे नांदेड परिक्षेत्रात मोडतात, त्यामुळे वरच्या दाराचा पत्ता शोधावा लागत नाही.

अर्थात कायदा एवढा सोयीचा असूनही ठाण्याच्या पायरीवर एक जुनी युक्ती टिकून आहे. राज्यात कुठेही तक्रार द्यायला गेलेल्याच्या कानावर ती येऊ शकते. 'चोरी कशाला लिहिता, गहाळ लिहा. कागद लगेच मिळेल.' दोन्ही बाजूंना हे सोयीचे असते. मालकाला दुसऱ्या प्रतीसाठी लागणारा कागद मिळतो आणि ठाण्याच्या प्रलंबित गुन्ह्यांत भर पडत नाही. पण गहाळ वस्तूचा तपास होत नाही आणि काच आपोआप फुटल्याची नोंद कोणी करीत नाही. एकाच रस्त्यावर महिन्यात सहा मोटारी फुटल्या आणि सहाही मालकांनी 'गहाळ' लिहिले किंवा काहीच लिहिले नाही, तर रात्रीच्या गस्तीची आखणी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नकाशावर तो रस्ता शांत असतो. तेथे कॅमेरा हवा, दिवा हवा, असे महापालिकेला सांगायलाही आधार राहत नाही. सातवी मोटार लावणारा तिथे निश्चिंतपणे लावतो.

कधी तरी स्थानिक गुन्हे शाखा एखाद्या टोळीला पकडते आणि तिच्याकडून लॅपटॉप, मोबाइल, बॅगा हस्तगत होतात. मग जुन्या फिर्यादी काढून वस्तूंशी जुळविण्याचे काम सुरू होते. जुळलेल्या वस्तू न्यायालयाच्या आदेशाने फिर्यादींना परत मिळतात. कधी त्याचा छोटा समारंभ होतो आणि वृत्तपत्रांत छायाचित्र येते. ज्यांची फिर्यादच नाही, त्यांच्या वस्तू टेबलाच्या दुसऱ्या बाजूला राहतात. त्यांच्यासाठी दंडाधिकारी जाहीर उद्घोषणा काढतात, सहा महिने वाट पाहिली जाते आणि कोणी हक्क सांगितला नाही, तर त्या सरकारजमा होतात.