पाठमोरं घड्याळ

आज दात घासताना ट्यूबवरचं नाव वाचलंत? कोलगेट असेल, तर या कंपनीचा मोठा कारखाना पूर्वी अमेरिकेतल्या हडसन काउंटीत होता. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. ही न्यू जर्सी राज्यातली. हडसन नदीच्या अलीकडे ती, पलीकडे न्यू यॉर्क!

जर्सी सिटी हे तिथलं सर्वांत मोठं शहर. साबणाचे कारखाने, पेन्सिलींचे कारखाने, रेल्वेची यार्डं. १९३० साली वस्ती ३,१६,७१५. पुढे एकेक कारखाना बंद पडला, काम गेलं तशी माणसंही गेली. १९८० साली उरली २,२३,५३२. करा बरं वजाबाकी! (कॅलक्युलेटर नको हं.)

मग २०२० च्या जनगणनेत २,९२,४४९ कशी झाली? नदीखालून आगगाडी तर १९०८ पासूनच होती. चार-पाच मिनिटांत माणूस न्यू यॉर्कात. तिथल्यापेक्षा इथे जागा स्वस्त, म्हणून बँकांनी आपली ऑफिसं इकडे आणली. देशोदेशीचे लोक आले. आज काउंटीत दर पाचांतले दोन जण परदेशात जन्मलेले आहेत. न्यूअर्क ॲव्हेन्यूवर तर साड्यांची अन् मिठाईची दुकानं!

पण आता तिथलंही घरभाडं भडकलंय. पूर्वी कारखान्यात राबणाऱ्यांच्या नातवंडांना आजोबांच्याच गल्लीत राहणं परवडत नाही. बँकेतल्या पगारवाल्याला परवडतं.

कोलगेटचा कारखाना १९८० च्या दशकात बंद झाला. त्याचं पन्नास फुटी घड्याळ मात्र नदीकाठी अजून चालू आहे. त्याचं तोंड न्यू यॉर्ककडे. जर्सी सिटीच्या रस्त्यावरून दिसते ती त्याची पाठ.