आधी मांडणी, मग लाकूड
गुजरातच्या हद्दीस लागून असलेल्या अच्छाडसारख्या गावी, जेथे दमट हवा आणि चार महिन्यांचा पर्जन्य लाकडाची नित्य परीक्षा घेतात, तेथे घरी सुतारकाम करणाऱ्याने पहिली फळी खरेदी करण्यापूर्वी ती ठेवण्याची मांडणी उभारावी, असे माझे निश्चित मत आहे. भिंतीस तिरकी टेकवलेली फळी स्वभारानेच वाकते आणि जमिनीवर टाकलेलीस ओल व वाळवी ग्रासते. म्हणून सर्वांत खालचा आधार जमिनीपासून हातभर उंच असावा, दोन आधारांतील अंतर दोन फुटांहून अधिक नसावे, जड लाकूड तळाशी राहावे, आणि थरांमध्ये समान जाडीच्या पट्ट्या नेमक्या एकावर एक येतील अशा बेताने घालून वारा खेळता राहील, अशी तजवीज करावी.

अच्छाड ज्या तलासरी-डहाणूच्या मुलखात मोडते आणि जेथे १९४५ साली वारली बांधवांनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला, तेथील जंगलातून येणाऱ्या सागाच्या फळीमागे वृक्षाची कित्येक दशके आणि मजुरांचे अपार श्रम संचित असतात. तिची हेळसांड हे खाजगी नुकसान नव्हे, तर सामाजिक संपत्तीचा अपव्यय होय, आणि तो टाळणे हे प्रत्येक कारागिराचे आद्य कर्तव्य आहे.