धंदा सुरू करण्याआधी त्याचा हिवाळा बघा



या आठवड्याच्या व्हिडिओत रेल्वे इंजिनं बघून काही जणांना वाटेल, सर आज भलत्याच रुळावर गेले! पण थोडा धीर धरा. विषय आपलाच आहे. धंद्याचे जे महिने थंड जातात त्या महिन्यांत काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडे कोणी शिकवत नाही. डिझेल इंजिनं सांभाळणाऱ्यांनी मात्र तो फार नीट सोडवलाय. व्हिडिओत वेळेअभावी जे राहिलं, ते इथे सविस्तर लिहितो.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात रोशेल नावाचं एक छोटं गाव आहे. दोन मोठ्या रेल्वे कंपन्यांचे, युनियन पॅसिफिक आणि बीएनएसएफचे, मुख्य मार्ग तिथे एकमेकांना छेदून जातात. दिवसभर मालगाड्यांची ये-जा चालू. दुसरं एखादं गाव फाटकाच्या नावानं बोटं मोडत बसलं असतं. या गावानं १९९८ मध्ये तिथे खास गाड्या बघण्यासाठी पार्क उघडलं, बसायला छप्पर असलेला चौथरा बांधला. लांबलांबून रेल्वेवेडे लोक येतात, वहीत इंजिनाचा नंबर आणि वेळ टिपतात, फोटो काढतात. त्रासाला गिऱ्हाईक कसं मिळवून द्यायचं, यावर हे एकच उदाहरण पुरेसं आहे. पण आज मुद्दा वेगळा आहे.

हे रेल्वेवेडे लोक कडाक्याच्या थंडीतही जातात. आणि हिवाळ्यात त्यांना एक गोष्ट हमखास दिसते, ऐकू येते. यार्डात नुसतं उभं असलेलं इंजिन, ना पुढे जातंय ना मागे, पण तासन् तास धडधडतंय. नवख्या माणसाला वाटतं, काय ही डिझेलची नासाडी! बंद का करत नाहीत?

बंद का करत नाहीत?

आपल्या गाडीच्या रेडिएटरमध्ये कूलंट असतं, ते सहसा गोठत नाही. तिथल्या मोठ्या डिझेल इंजिनांत मात्र वर्षानुवर्षं साधं पाणी वापरत आले आहेत, फक्त गंज लागू नये म्हणून त्यात रसायन घालतात. कारणं व्यवहारी आहेत. एका इंजिनात साधारण हजार लिटर पाणी लागतं, तेवढं अँटिफ्रीझ घालायचं म्हणजे खर्च मोठा. पाणी उष्णता जास्त चांगली वाहून नेतं. आणि गळती झाली तर अँटिफ्रीझ इंजिन ऑइलमध्ये मिसळून बेअरिंग खराब करतं.

आता पाण्याचा स्वभाव बघा. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं. लोखंडाच्या आत ते फुगलं की पाइप फुटतो, रेडिएटर फुटतो, कधी इंजिनाच्या ब्लॉकलाच तडा जातो. म्हणजे एका रात्रीचं डिझेल वाचवायला गेलात आणि अख्खं इंजिन घालवून बसलात. त्यात थंडीत बॅटरी मंदावते, ऑइल घट्ट होतं. बंद केलेलं इंजिन सकाळी सुरू होईलच याची खात्री नाही. म्हणून जुन्या काळापासून सोपा नियम: थंडी आली की इंजिन चालूच ठेवा.

नियम सोपा, पण महाग. मोठं इंजिन नुसतं उभं राहून तासाला दहा-पंधरा लिटर डिझेल सहज खातं. पंधरा धरले तर चोवीस तासांचे ३६० लिटर. एकही डबा न ओढता!

मग त्यांनी काय केलं?

पहिला उपाय: पाणी काढून टाकणं. इंजिन बरेच दिवस लागणार नसेल तर सगळं पाणी सोडून द्यायचं, पाइप रिकामे करायचे आणि निवांत बंद ठेवायचं. पाणीच नाही तर गोठणार काय?

दुसरा उपाय: इंजिन स्वतःच चालू-बंद होणं. ही यंत्रणा इंजिन बंद करते, पण लक्ष ठेवून असते. पाण्याचं तापमान उतरलं, बॅटरी उतरली किंवा ब्रेकच्या हवेचा दाब कमी झाला, की इंजिन आपोआप सुरू. काम झालं की पुन्हा बंद. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं, म्हणजे ईपीएनं, २००८ च्या नियमांत नव्या आणि पुन्हा बांधून काढलेल्या इंजिनांसाठी अशी सोय बंधनकारक केली. विनाकारण ३० मिनिटांपेक्षा जास्त वेळ धडधडत ठेवायचं नाही. पण पाणी गोठण्याची भीती असेल तर चालू ठेवायला मुभा आहे. शहाणा नियम असा असतो.

तिसरा उपाय मला सगळ्यात आवडतो: छोटं इंजिन. मोठ्या इंजिनाच्या पोटात एक लहान डिझेल इंजिन बसवायचं. मोठं बंद, लहान चालू. ते पाणी गरम ठेवतं, बॅटरी चार्ज करतं. काही यार्डांत हेच काम विजेवर चालणारे हीटर करतात. आपल्या भारतीय रेल्वेनंही डिझेल इंजिनांत असं छोटं इंजिन बसवायला घेतलं, गोठण्याच्या भीतीनं नव्हे तर डिझेल वाचवायला. तेव्हा रेल्वेनं दिलेला हिशेब असा होता: उभं असताना मोठं इंजिन तासाला २५ लिटर खातं, छोटं फक्त ३ लिटर. आठ तास उभं राहिलं तर २०० लिटरऐवजी २४!

आणि सगळं फसलं तर? त्यासाठी एक झडप असते. पाणी गोठण्याच्या बेतात आलं की ती आपोआप उघडते आणि सगळं पाणी रुळावर सोडून देते. या प्रकारातल्या एका झडपेचं नाव चक्क ‘गुरू प्लग’ आहे! पाणी गेलं, रासायनिक मिश्रण गेलं, पण इंजिन वाचलं.

आता आपला धंदा

प्रत्येक धंद्याला हिवाळा असतो, फक्त तो डिसेंबरात येतोच असं नाही. लग्नाच्या केटरिंगवाल्याचा हिवाळा म्हणजे चातुर्मास. आषाढी ते कार्तिकी, लग्नं जवळजवळ बंद. रसवंतीवाल्याचा हिवाळा पावसाळ्यात. दिवाळीच्या फराळाची ऑर्डर घेणाऱ्या ताईंचा हिवाळा दिवाळीच्या दुसऱ्या आठवड्यापासूनच.

माझं स्पष्ट मत आहे: नवे उद्योजक धंदा सीझन बघून निवडतात आणि सीझन नसताना बुडतात. मे महिन्यात मंडपवाल्याकडची गर्दी बघून तुम्ही ठरवता, हाच धंदा करायचा. त्याच्याकडे ऑगस्टमध्ये जाऊन बघितलंत का? गोडाऊनचं भाडं कशातून जातं, पोरं कुठे जातात, तो स्वतः काय करतो? रेल्वेवेडा माणूस थंडीतही वही घेऊन उभा राहतो, म्हणून त्याला इंजिन खरं कळतं. तुम्हीही ज्या धंद्यात उतरणार आहात, त्याचा सगळ्यात वाईट महिना डोळ्यांनी बघा. वही न्या. किती गिऱ्हाईक आलं, किती माणसं बसून होती, किती वेळ शटर अर्धं होतं, सगळं लिहा.

थंड महिन्यांत आपल्याकडे दोन सल्ले मिळतात. एक, ‘काही झालं तरी दुकान चालू ठेव, गिऱ्हाईक तुटतं.’ दुसरा, ‘सरळ कुलूप लाव, खर्च शून्य.’ माझ्या मते दोन्ही अर्धवट आहेत. पहिला म्हणजे मोठं इंजिन रात्रभर धडधडत ठेवणं. दुसरा त्याहून धोक्याचा, कारण बहुतेक लोक कुलूप लावतात पण पाणी सोडत नाहीत. भाडं चालूच, हप्ता चालूच, गिऱ्हाईकाचा फोन मात्र कोणी उचलत नाही. सीझन येतो तेव्हा आत सगळं फुटलेलं असतं: आचारी दुसरीकडे गेला, जुनी गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे, उधारीवर माल देणारा वाणी रोख मागतोय.

आकड्यात बघू. समजा, एक छोटा केटरर आहे. गोडाऊनचं भाडं १५,०००. मुख्य आचारी २४,०००. तीन मदतनीस, प्रत्येकी १२,००० म्हणजे ३६,०००. भांडी आणि टेम्पोचा हप्ता १२,०००. लाइट-फोन ३,०००. महिन्याचे झाले ९०,०००. चातुर्मासाचे चार महिने सगळं तसंच ठेवलं तर ३,६०,००० रुपये, एकही लग्न न करता.

आता छोटं इंजिन लावू. मदतनीस सीझनपुरते, आचारी कायम. भाडं, आचारी, हप्ता, लाइट-फोन मिळून ५४,०००. त्याच आचाऱ्याकडून जवळच्या एखाद्या ऑफिसचे डबे, वाढदिवस, श्रावणातलं सत्यनारायणाचं जेवण अशी छोटी कामं घेतली आणि त्यातून सगळा खर्च वजा जाऊन महिन्याला २०,००० सुटले, तर खिशातून जातात ३४,०००. चार महिन्यांचे १,३६,०००. फरक २,२४,००० रुपयांचा. या २०,००० मधून तुम्ही श्रीमंत होणार नाही. ते काम नफ्यासाठी नाहीच. ते पाणी गरम ठेवण्यासाठी आहे. आचारी टिकला, चूल पेटती राहिली, लोकांच्या तोंडात नाव राहिलं, बस.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. मदतनीस म्हणजे पाणी नव्हे, झडप उघडून रुळावर सोडायला. ज्यांना चार महिने काम देता येणार नाही, त्यांना ते कामावर ठेवतानाच सांगा. ‘दादा, काम कार्तिकी ते आषाढी आहे, मधले चार महिने नाही.’ म्हणजे तो शेताची कामं धरेल, दुसरीकडे बघेल. जून संपताना अचानक ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणालात, तर नोव्हेंबरात तो तुमचा फोन का उचलेल? जमलं तर परत आल्यावर द्यायची थोडी रक्कम आधीच ठरवून ठेवा. इथे काटकसर केलीत तर तडा ब्लॉकलाच जातो.

तीन काटे रोज बघा

इंजिनाची यंत्रणा तीन गोष्टी बघते, तुम्हीही तीनच बघा.

पाण्याचं तापमान, म्हणजे गिऱ्हाईकाशी असलेली ऊब. थंड महिन्यांत आठवड्याला दहा जुन्या गिऱ्हाइकांना फोन किंवा मेसेज. काही विकायचं नाही, नुसती विचारपूस.

बॅटरी, म्हणजे रोकड. सीझनच्या पहिल्या दिवशी भाजी, किराणा, गॅस आणायला हातात पैसे हवेत. धडधडत ठेवण्याच्या नादात ही रक्कम खाल्लीत, तर सीझन आल्यावर इंजिन सुरूच होणार नाही. ती वेगळ्या खात्यात ठेवा आणि विसरून जा.

हवेचा दाब, म्हणजे ब्रेक. कागदपत्रं. जीएसटी नोंदणी असेल तर विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावं लागतं, नाहीतर लेट फी चढत जाते. फूड लायसन्सची मुदत, दुकानाचा करार, विम्याचा हप्ता, यांना तुमचा सीझन कळत नाही.

यातला एक काटा खाली आला, की थोडा वेळ मोठं इंजिन चालवा: एखादी जाहिरात करा, एखादं काम कमी नफ्यात घ्या. काटा वर आला की पुन्हा बंद. ‘मी वर्षभर सुट्टी घेत नाही’ असं अभिमानानं सांगणारे बरेच भेटतात. तासन् तास धडधडणारं इंजिनही सुट्टी घेत नाही, पण त्यानं डबा एकही ओढलेला नसतो.

आणि पाणी पूर्ण सोडून देणं हाही कमीपणा नाही. तुमचा हिवाळा सात-आठ महिन्यांचा असेल, तर भाड्याची जागा सोडा, सामान घरी आणा, गिऱ्हाइकांना तारीख सांगून रीतसर बंद करा आणि तेवढे महिने दुसरं काम करा. आठ महिने हप्ते आणि भाडं भरत, बंद शटरमागे झुरत बसण्यापेक्षा ते कधीही चांगलं. बंद करायचं तर पूर्ण बंद करा. पाणी भरलेलं इंजिन थंडीत तसंच सोडू नका, एवढंच.

आता गृहपाठ. जो धंदा तुमच्या मनात आहे, त्याचे सगळ्यात थंड तीन महिने कोणते, आणि त्या महिन्यांत दर महिन्याला खिशातून किती जातील, हे दोन आकडे कमेंटमध्ये लिहा. आकडा माहीत नसेल तर अजून धंदा सुरू करू नका. आधी त्या धंद्यातल्या कोणाकडे तरी ऐन थंड महिन्यात जाऊन या. निवडक हिशेब पुढच्या व्हिडिओत आपण मिळून तपासू.