खाटेला विमा, गोळीला नाही

आरोग्यधोरणाची चर्चा आपल्याकडे रुग्णालयाच्या इमारतीपासून सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. मात्र मधुमेह, रक्तदाब किंवा दमा असलेल्या माणसाला खाट क्वचित लागते. औषध रोज लागते आणि बहुधा आयुष्यभर लागते. २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत योजना पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी परतल्यानंतरचे १५ दिवस एवढ्या काळातील औषधेही तीत येतात. सोळाव्या दिवसापासून रुग्ण आणि त्याचा खिसा! पैशाअभावी ज्याने रक्तदाबाची गोळी सोडली, तोच उद्या पक्षाघाताने दाखल होतो आणि मग शासन त्याचे देयक भरते. याला मी काटकसर म्हणू शकत नाही.

यावर किंमत नियंत्रणाचा दाखला दिला जातो. १९९५ च्या आदेशात कमाल किंमत उत्पादनखर्चावरून ठरत असे. २०१३ च्या आदेशाने ते सूत्र बदलले. आता बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी काढून तीत किरकोळ विक्रेत्याचे १६ टक्के मिळविले जातात. म्हणजे ज्या बाजाराला आवर घालावयाचा, त्याचीच सरासरी प्रमाण मानावयाची! यादीबाहेरील औषधांना तर वर्षाला १० टक्के वाढीची मुभाच आहे. औषधाच्या व्यवहारात निवड डॉक्टर करतो आणि पैसे रुग्ण मोजतो. अशा ठिकाणी स्पर्धेने किंमत उतरेल, ही आशा भाबडी आहे.

शासनाने मनावर घेतले तर काय होते, तेही दिसले आहे. २०१९ मध्ये कर्करोगावरील ४२ औषधांच्या व्यापारी नफ्यावर ३० टक्क्यांची मर्यादा घातली गेली आणि कित्येक ब्रँडच्या छापील किमती निम्म्याहून खाली आल्या. जो न्याय कर्करोगाला, तो मधुमेहाला का नाही?

तथापि केवळ किंमत उतरवून भागणार नाही. जनऔषधी केंद्रे उपयुक्त आहेत. परंतु तेथेही औषध विकतच घ्यावे लागते. खरा मार्ग तमिळनाडूने १९९४ मध्ये स्वतंत्र औषध महामंडळ स्थापून दाखविला. खुल्या निविदेने एकत्रित खरेदी, जिल्हा गोदामे, वाटपापूर्वी प्रयोगशाळेत तपासणी आणि प्रत्येक आरोग्यकेंद्राच्या हक्काची नोंद ठेवणारे पासबुक, एवढीच ती व्यवस्था. २ ऑक्टोबर २०११ पासून राजस्थाननेही याच वाटेने बाह्यरुग्णांना मोफत औषधे देण्यास प्रारंभ केला.

तिजोरीवर भार पडेल, हा आक्षेप मला ठाऊक आहे. पण निविदेतील दर आणि वेष्टनावरील छापील किंमत शेजारी ठेवून पाहावी. शासनाची घाऊक खरेदी नागरिकाच्या किरकोळ खरेदीहून कितीतरी स्वस्त पडते. भार आजही आहेच. तो फक्त सर्वांत दुबळ्या खांद्यावर आहे.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. व्यापारी नफ्याची मर्यादा सर्व औषधांना लागू करावी. प्रत्येक राज्यात स्वायत्त खरेदी यंत्रणा असावी. दीर्घकालीन आजारांची औषधे प्राथमिक आरोग्यकेंद्रातून महिन्याच्या हिशेबाने मोफत मिळावीत आणि त्यासाठी अर्थसंकल्पात वेगळे लेखाशीर्ष असावे. लेखाशीर्षाशिवाय दिलेले आश्वासन प्रशासनात कोणीही गांभीर्याने घेत नाही.