'मी केलेला प्रवास' आणि कोकणातला आडरस्ता



दिवाळीची सुट्टी संपली की आठवी-नववीच्या वर्गात एक निबंध हमखास दिला जातो. 'मी केलेला प्रवास', नाहीतर 'माझी अविस्मरणीय सहल'. वह्या तपासायला घेतल्या की चाळीस वह्यांत मिळून एकच प्रवास वाचायला मिळतो. पहाटे लवकर उठलो, आनंद गगनात मावेना, निसर्गाने मुक्तहस्ते उधळण केली होती, समुद्र पाहून डोळ्यांचे पारणे फिटले, ही सहल मी कधीच विसरणार नाही. निघालो आणि पोहोचलो या दोन वाक्यांच्या मध्ये रस्ताच नसतो!

मुलं आळशीपणा करतात, मार्गदर्शकातून उतरवून काढतात, असं आपण म्हणतो. थोडं खरंही आहे ते. पण मला वाटतं, बहुतेकांकडे लिहिण्यासारखं काही नसतंच. गाडीच्या काचा वर, हातात मोबाईल, मधे एकदा महामार्गावरच्या हॉटेलात वडापाव, आणि संध्याकाळी एकदम समुद्र. मुलानं रस्ता पाहिलेला नाही, तर तो लिहिणार काय? अशा वेळी शब्दसंपत्तीचे तक्ते पाठ करून घेण्यात अर्थ नाही. म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. ज्या घरात मोटारसायकल आहे आणि ती जबाबदारीनं चालवणारं मोठं माणूस आहे, त्या घरानं शाळा सुटायच्या आत एकदा तरी मुलाला मागे बसवून चार-पाच दिवसांचा आडरस्त्याचा प्रवास करावा.

मोटारसायकल म्हटल्यावर काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. सुरक्षिततेकडे मी येणारच आहे, पण आधी रस्ता पाहू.

मुंबई-गोवा महामार्गाने थेट जाण्याऐवजी समुद्राला धरून जाणारा एक जुना, वळणावळणाचा रस्ता आहे. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीनं गाडीसकट मांडव्याला उतरायचं. पुढे अलिबाग, रेवदंडा, मुरुड, मग आगरदांड्याहून बोटीनं दिघी. दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून पुन्हा बोट, पलीकडे वेशवी. मग केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली. दाभोळहून बोटीनं धोपावे, तिथून गुहागर, हेदवी. तवसाळहून बोट, पलीकडे जयगड. मालगुंड, गणपतीपुळे, रत्नागिरी आणि तसंच खाली देवगड, मालवण, वेंगुर्ला, रेडीपर्यंत. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर पुरे. त्याहून जास्त धावलात तर महामार्गानेच गेलेलं काय वाईट?

या रस्त्याची खरी मजा खाड्यांत आहे. आगरदांड्याला राजापुरी खाडी, बागमांडल्याला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री. भूगोलाच्या पुस्तकात 'कोकणातल्या नद्या आखूड आणि वेगवान आहेत' हे एका ओळीत संपतं. इथे प्रत्येक नदीशी रस्ता तुटतो आणि गाडी बंद करून बोटीची वाट बघावी लागते. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते हे मुलाला पाठ असतं. तीच सावित्री इथे रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांच्या मधून समुद्राला मिळताना तो पाहतो. दाभोळच्या धक्क्यावर तर एक गोष्ट आवर्जून सांगा. कोयनेचं पाणी खरं म्हणजे कृष्णेला मिळून पूर्वेकडे जायचं. पण त्यातलं बरंचसं पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली आणून वीज तयार केली जाते आणि ते वाशिष्ठीत सोडलं जातं. समोर दिसणाऱ्या त्या रुंद पाण्यात थोडी कोयनाही आहे. हे ऐकताना मुलाच्या चेहऱ्याकडे बघा.

आणि भरती-ओहोटी! किनाऱ्यावरचे जुने लोक घड्याळाशिवाय भरतीची वेळ सांगतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. ढोबळ हिशोब आहे, पण कामाचा. एकाच दिवसाच्या सहलीत मुलाला हे पटत नाही. पाच दिवस किनाऱ्याकिनाऱ्याने गेलात, तर भरती रोज पुढे सरकताना तो स्वतः नोंदवतो. पाऊणपट म्हणजे दिवसाला ४५ मिनिटांचा फरक येतो. पुस्तकात सुमारे ५० मिनिटं दिलेली असतात. हा फरक का, हे त्याला शोधू दे. शिवाय ओहोटी असली की धक्क्याचा खालचा, शेवाळलेला उतार उघडा पडतो आणि गाडी जपून उतरवावी लागते. भरतीचा अर्थ तिथे ब्रेकवरच्या पायाला कळतो.

गेल्या वर्षी आम्ही दोन गाड्यांवर चौघं गेलो होतो. मुलगी नववीत. तिला एक छोटी वही दिली होती आणि एकच सांगितलं होतं, ठिकाणाबद्दल नको, वाटेबद्दल लिही. तवसाळच्या धक्क्यावर तिनं लिहिलं, "बोट पलीकडे आहे. एक आजी कोंबडी घेऊन बसल्यात. कोंबडी पिशवीत आहे, फक्त डोकं बाहेर. आजींनी मला विचारलं, तू कोणाची? मी आडनाव सांगितलं, तर म्हणाल्या, तसं नाही गो, गाव कुठचा?" एवढंच. वर्गातल्या कुठल्याही निबंधापेक्षा मला ही पाच-सहा वाक्यं जास्त मोलाची वाटली, आणि ती माझ्या मुलीची आहेत म्हणून नव्हे.

शब्द कसे येतात बघा. गडगा, पाखाडी, सडा, आगर, खाजण, व्हाळ, जांभ्याचा चिरा. जुन्या कथा शिकवताना या शब्दांचे अर्थ आपण फळ्यावर लिहितो आणि मुलं ते दुसऱ्या दिवशी विसरतात. पाखाडी चढून पाय दुखले की तो शब्द कायमचा राहतो. हर्णैला मासळीचा लिलाव चालू असताना नुसतं अर्धा तास उभं राहिलं तरी बोलीभाषेचा एक पूर्ण तास होतो.

मराठीच्या शिक्षकांना तर हा रस्ता पाठ्यपुस्तकासारखाच वाटेल. वेशवीला उतरलात की तुम्ही मंडणगड तालुक्यात येता. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे याच तालुक्यात आहे. दापोली तालुक्यात आत गेलं की पालगड, साने गुरुजींचं गाव. 'श्यामची आई' वाचून दाखवताना डोळ्यांसमोर कोणतं अंगण येतं, हे तिथे जाऊन आल्यावर बदलतं. किनाऱ्यावरचं मुरुड हे महर्षी कर्व्यांचं. मालगुंड केशवसुतांचं. आणि अगदी खाली, रेडीच्या जवळ शिरोडं, जिथल्या शाळेत वि. स. खांडेकरांनी १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं मुलांना शिकवलं. केशवसुत, साने गुरुजी, खांडेकर, तिघंही आपल्याच पेशातले बरं का! राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला प्रचंड हत्ती आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची चित्रं. तिथेही वाट थोडी वाकडी करावी.

प्रवासवर्णन म्हणजे काय, हेही याच पट्ट्यात शिकवता येतं. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरला. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. विकण्यासाठी त्यानं सोबत घोडा आणला होता. त्याची टिपणं आज वाचली जातात ती लोक काय खातात, केस कसे बांधतात, असल्या बारीकसारीक नोंदींमुळे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली कर्ज फेडायला चार पैसे मिळवावेत म्हणून उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांच्या पुस्तकाचं नाव 'माझा प्रवास'. आपल्या निबंधाचं नावही तेच! पण त्यात मुक्तहस्ते उधळण नाही. भूक आहे, भीती आहे, वाटेत भेटलेली माणसं आहेत.

हे सगळं चारचाकीतून होणार नाही का? थोडं होईल. पण दुचाकीवर वास येतो. काजूचा मोहर, सुकत घातलेली मासळी, शेणानं सारवलेलं खळं. चढ आला की गाडीचा आवाज बदलतो, झाडीत शिरलं की अंगाला गारवा लागतो. कुठेही पाय टेकवून रस्ता विचारता येतो आणि सांगणाराही दोन वाक्यं जास्त बोलतो.

आता सुरक्षितता. इथे मी अजिबात सूट देणार नाही. मूल मागे बसणार, गाडी मोठ्यांनीच चालवायची. गिअरच्या गाडीचा परवाना १८ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही, आणि २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. हेल्मेट चार वर्षांवरच्या प्रत्येकाला सक्तीचं आहे, मागच्यालाही, गावातल्या गावातसुद्धा. दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठायचा. वळणावर बारीक खडी असते. पंप दूरदूर आहेत, त्यामुळे दिसला की टाकी भरून घ्यायची. पावसाळ्यात हा बेत करूच नये.

मला काळजी खरं तर दुसरीच आहे. आपल्या मुलांनी मोटारसायकल पाहिली आहे ती मोबाईलवरच्या रीलमध्ये. वेग, आवाज, हात सोडून चालवणं. बारावीनंतर गाडी हातात येते आणि गाडी म्हणजे एवढंच, असं डोक्यात पक्कं असतं. आई किंवा बाबा चाळीसच्या वेगानं, वळणावर हॉर्न देत, गुरांसाठी थांबत पाच दिवस गाडी चालवताना ज्यानं मागे बसून पाहिले आहेत, त्याच्या डोक्यात गाडीचं दुसरं एक चित्रही असतं. रस्तासुरक्षा सप्ताहातल्या घोषवाक्यांपेक्षा माझा यावर जास्त भरवसा आहे.

सगळ्यांना हे परवडणार नाही, मान्य. सुट्टीही सगळ्यांना नसते. लाल एसटीनं जा, खिडकीशी बसा. दापोली, गुहागरपर्यंत एसटी जाते आणि बोटीत माणसांनाही घेतात. आणि जी मुलं कोकणातच, खेड्यातच राहतात त्यांना तर कुठे जायची गरज नाही. त्यांच्या रोजच्या वाटेवर आपण शहरातून पैसे खर्चून जातो. त्यांना 'हिलस्टेशनची सहल' असा विषय देणं थांबवलं तरी खूप झालं.

एक मात्र लक्षात घ्या, रेवस-रेडी सागरी महामार्गासाठी या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. ते व्हायलाच हवेत. रात्री-अपरात्री आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं असेल तर बोटीची वाट बघा, असं कोणी सांगू नये. पण पूल झाल्यावर ती अर्ध्या तासाची वाट बघणं राहणार नाही. जायचं असेल तर आता जा.

माझ्या वर्गाला यंदा दिवाळीनंतर चार विषय देणार आहे, त्यातला एक निवडायचा. 'बोटीची वाट पाहताना', 'आम्ही रस्ता विचारला', 'गाडी पंक्चर झाली', 'वाटेत ऐकलेला एक नवा शब्द'. वीस ओळी पुरे. 'निसर्गरम्य' हा शब्द वापरला तर एक गुण कापला जाईल, हे आधीच सांगून ठेवलं आहे.