हार्ड डिस्कची आवराआवर

घरच्या संगणकातील रिकामी जागा ‘स्टोर्ज’सारख्या जाळ्यास भाड्याने देणाऱ्याच्या हार्ड डिस्कवर परक्यांच्या डेटाचे असंख्य लहान तुकडे सतत येतात आणि पुसलेही जातात. रिकाम्या झालेल्या फटींत नवे भरताना फाइल अनेक ठिकाणी विखुरते. जणू एकाच आसामीचे खाते वहीच्या दहा पानांवर पसरावे. ती पाने सलग लावणे म्हणजे डीफ्रॅगमेंटेशन.

हार्ड डिस्कमधील हेड तबकडीवर प्रत्यक्ष सरकत असल्याने सलग मांडणीमुळे वेळ वाचतो. विंडोजमध्ये ही सोय अंगभूत आहे. निराळे सॉफ्टवेअर विकत घेण्याचे कारण नाही. एसएसडीत मात्र सरकणारा भागच नसतो. तेथे फेरमांडणीचा लाभ नगण्य, आणि अनावश्यक लेखनाने झीज तेवढी होते. तिच्यासाठी विंडोज चालवते ते ‘ट्रिम’ पुरेसे आहे.

तथापि तासन्‌तास चालणारी फेरमांडणी दुबळ्या डिस्कला सोसतेच असे नाही. तुकडे गहाळ होऊन पडताळणी वारंवार फसली, तर नोड कायमचा बाद होतो आणि राखून ठेवलेली अनामतही बुडते. परक्याची ठेव सांभाळणाऱ्याने म्हणून प्रथम डिस्कचा ‘स्मार्ट’ अहवाल तपासावा, आवराआवर त्यानंतर करावी.