जुन्या खेळांची नवी गति

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळावयाचे जुने व्हिडिओ खेळ नव्या कन्सोलवर पुनः मिळूं लागले आहेत. येथें बुलढाण्यांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें त्यावरून शंका काढली : "गुरुजी, सेगाचा ‘सॉनिक’ लहानपणीं मला तोंडपाठ होता, आतां तो आवरत नाहीं. बोटें मंदावलीं कीं काय?"

बोटांस दोष देण्यापूर्वीं यंत्राचा हिशेब पाहावा. 1991 सालचा हा खेळ जपानांत रचलेला. तेथील संचावर सेकंदास सुमारें 60 वेळां चित्र उमटे. आपल्या पाल पद्धतींत 50 वेळां. खेळाची हालचाल या ठोक्यासच बांधलेली असल्यामुळें तो आपल्याकडे षष्ठांशानें मंद धांवे, संगीतहि रेंगाळे. आपल्या चित्रांतील रेषा 525 ऐवजीं 625. म्हणून वर-खालीं काळ्या पट्ट्या राहून आकृत्या बुटक्या दिसत. नव्या कन्सोलवर बहुधा 60 ठोक्यांची मूळ आवृत्ति चालते. विद्यार्थ्यानें पाठ केलें तें विलंबित, आणि आतां पुढ्यांत आलें आहे द्रुत! मात्र भरंवसा नको : सोनीच्या 2018 सालच्या ‘प्लेस्टेशन क्लासिक’मध्यें 20 पैकीं 9 खेळ 50 ठोक्यांचेच निघाले.

रूपाच्या बाबतींत मी जुन्या पक्षाचा आहें. कांचेच्या नळीच्या संचावर साध्या तारेनें आलेले शेजारशेजारचे ठिपके एकमेकांत मिसळत, आणि चित्रकार हें जाणून काम करीत. सॉनिकच्या आरंभींचा धबधबा उभ्या, सुट्या रेघांनीं काढलेला आहे. जुन्या संचावर त्या रेघा विरघळत व पाण्यापलीकडचा देखावा अंधुक दिसे. आजच्या लखलखीत पडद्यावर प्रत्येक रेघ मोजून घ्यावी. पाण्याऐवजीं दारावरचा चिकाचा पडदाच लोंबतो. स्पष्टता वाढली खरी, पण पाणी गेलें!

कित्येक नव्या संग्रहांत जुन्या नळीच्या रेषांचें अनुकरण करण्याची सोय असते. ती अवश्य वापरून पाहावी. चित्राचें 4:3 हें प्रमाण मोडूं नये; 16:9 पर्यंत ताणल्यास बिचारा सॉनिक लठ्ठ होतो. आणखी एक गोष्ट. नवा संच चित्रावर नाना संस्कार करीत बसतो, त्यामुळें बटण दाबल्यानंतर उडी किंचित् उशिरां दिसते; नळीच्या संचांत हा विलंब नसे. बहुतेक संचांत यासाठीं ‘गेम मोड’ दिलेला असतो. विद्यार्थ्याच्या घरीं तो बंद होता.